रोवण्याचा नाच

मला स्वतःला नाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्नात मैत्रिणी हात धरून ओढायला लागल्या की मी दोन टाळ्या वाजवते आणि पाणी प्यायच्या निमित्ताने सटकते. तरीही एका जिल्हा परिषद शाळेत मी चार वर्षं पोरांना नाच शिकवला. वरून तसा आदेश आला होता, आणि शाळेत शिक्षक आम्ही दोघेच, मी आणि मुख्याध्यापक सर. सरांचे गुडघे कामातून गेलेले. त्यामुळे ज्या विषयाला गुडघे लागतात तो विषय आपोआप माझ्या वाट्याला आला.

त्या चार वर्षांत मला एकच गोष्ट धड शिकवता आली. एका पोरीला मी वाकायला शिकवलं. तेच सांगायला बसले आहे. यात शेवटी काही चांगलं होत नाही, हेही आत्ताच सांगते, म्हणजे मागून कोणी मला दोष देऊ नये.

शाळा सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाच्या काठाला. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे खिचडीची चूल. माझ्या वर्गाच्या खिडकीतून आधी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दिसायच्या आणि शेवटच्या बांधीच्या धुऱ्यापासून, तिच्या कडेच्या बांधापासून, लगेच जंगल सुरू व्हायचं. मध्ये कुंपण नाही, रस्ता नाही, काही नाही. तपासणीला येणारे साहेब खिडकीशी उभे राहून म्हणायचे, काय सुंदर आहे हो. गावातली माणसंही त्या बाजूला सारखी बघायची, पण ती सुंदर आहे म्हणून नाही.

नाचाचं प्रशिक्षण चंद्रपूरला झालं होतं. तीन दिवस, चाळीस शिक्षक, आणि पुण्याकडून आलेले एक तरुण प्रशिक्षक. माणूस मनाने चांगला होता. घोटीव मराठीत सांगायचा, "शरीर मोकळं सोडा, मूल व्हा." आम्ही साड्या खोचून मूल झालो. पहिल्या दिवशी हत्ती झालो, दुसऱ्या दिवशी बेडूक आणि ससा. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आता वाघासारखं चाला. खाली वाकून, दबकत. समोर शिकार आहे." सभागृहात कोणी हललं नाही. ते हसून म्हणाले, "लाजू नका." आम्ही लाजत नव्हतो. मूल, सावली, नागभीड, सिंदेवाही अशा कुठल्या कुठल्या तालुक्यांतून आलेलो आम्ही, आणि त्या खोलीत बहुतेक प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी घर होतं जिथलं माणूस मोह वेचायला किंवा गवत कापायला गेलं आणि परत आलं नाही. शेवटी मागून एक वयस्कर गुरुजी उठले आणि म्हणाले, "सर, दुसरं काही घ्या." त्यांनी मोर घेतला.

ती पोरगी माझ्याकडे दुसरीत आली तेव्हा तिच्या आईला जाऊन वर्ष झालं होतं. आई गेली तेव्हा धानाची कापणी चालू होती. आई वाकून विळा चालवत होती आणि ही धुऱ्यावर बसून मुरमुरे खात होती. जंगलाकडची शेवटची बांधी होती ती. जे झालं ते तिने पाहिलं. यापेक्षा जास्त मी कधी कोणाला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बाप त्यानंतर घरात कमी आणि बाहेरगावच्या मजुरीवर जास्त असायचा. पोरगी आजीजवळ राहायची.

तेव्हापासून ती वाकत नव्हती. पाठीत काही दोष नव्हता, डॉक्टरला दाखवून झालं होतं. पेन्सिल पडली तर पायाच्या बोटांत धरून वर घ्यायची. हातपंपावर पाणी प्यायचं तर ओंजळीने नाही, कोणीतरी गडव्यात भरून द्यायचं. खाली बसायची ती भिंतीला पाठ घासत, सरळच्या सरळ, आणि बसली की आधी खिडकीकडे बघायची. वर्गातली पोरं तिला चिडवत नसत. एरवी शर्टाच्या तुटक्या गुंडीवरूनही एकमेकांचा जीव खाणारी ती पोरं, पण हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

आजी पहिल्याच भेटीत मला म्हणाली होती, "तिच्यानं वाकनं होत नाई मॅडमबाई. ना झाडनं, ना निंदन, ना सरवा वेचनं. घरी ठेवून काय करू? तुमच्याइथी तरी बसते." सरवा म्हणजे कापणीनंतर बांधीत पडून राहिलेल्या लोंब्या. त्या वेचायला चार वर्षांची पोरंही जातात. आजीच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. घरातली एक वस्तू चालत नाही म्हणून दुसरीकडे ठेवली, असं ती सांगत होती.

जुलै महिन्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की आमची शाळा रिकामी व्हायची. तिसरी-चौथीच्या पोरी आयांबरोबर चिखलात आणि लहान पोरं भावंडं सांभाळायला घरी. हजेरीपुस्तकात आम्ही काय लिहायचो ते इथं लिहीत नाही. पण ती यायची. रोज, वेळेच्या आधी, केसांना तेल चोपडून. कधी कधी अख्ख्या वर्गात मी आणि ती. त्या दिवसांत आम्ही दोघींनी काय काय नाही केलं! पाढ्यांची पुस्तिका संपली, कपाटातली गोष्टींची पुस्तकं संपली, सरांचं शिळं वर्तमानपत्र संपलं. चौथीत आली तोवर ती भागाकार तोंडी करायची, आणि मी चुकले तर खाली बघून हसायची. तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं की ही पाचवीला जाणार. पाचवीपासूनची शाळा मोठ्या गावात, वाट जंगलातून, म्हणून तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहात हिला घालायचं. त्या गावातून चौथीच्या पुढे गेलेली मुलगी तोवर मी पाहिली नव्हती. ही जाईल असं मला पक्कं वाटत होतं. मी तिला तसं बोलूनही दाखवलं होतं. तिने विचारलं, "तिथी खिडकी कोनत्या बाजूनं आहे?" मी म्हटलं, "रस्त्याच्या बाजूने." ते तिला पटलं.

आता नाचाकडे येते. ती चौथीत गेली त्या वर्षी ऑगस्ट सरता सरता पोरं शाळेत परतली. नखांत चिखल, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या पडलेल्या. त्यांच्यासमोर उभं राहून बेडूक-ससा करायची मलाच लाज वाटली. मी बसायच्या टाटपट्ट्या गुंडाळायला लावल्या आणि म्हटलं, महिनाभर जे केलं ते करून दाखवा. पोरी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मग ओळीत उभ्या राहून वाकल्या.

मीही त्यांच्यात वाकले. मला रोवणा येत नाही. माझी आई नागभीडकडे जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवायला गेली, पण मला तिने एकदाही चिखलात पाय घालू दिला नाही. मी हट्ट केला, सगळ्या पोरी जातात, मलाही यायचं. तेव्हा ती म्हणाली होती, "तुले रोवता येते असं लोकायले दिसलं, का तुले बलावतीन. येतच नाई तं कोन बलावते?" आणि मला विहारात अभ्यासाला बसवून ती गेली होती. हे मला तेव्हा आठवलं. आठवलं, आणि मी हसून पोरांना सांगितलंही, की तुमच्या मॅडमला रोवता येत नाही. एवढंच केलं मी त्या आठवणीचं.

खिचडी शिजवणाऱ्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्याने राहवलं नाही. "असं रोवतेत का मॅडम? हा तं बगळा मासे धरून राह्यला," म्हणाल्या, आणि हातातला झारा ठेवून आत आल्या. अंगठा आणि दोन बोटांत पऱ्हे कसे धरायचे, म्हणजे धानाची रोपं, ती चिखलात किती दाबायची, मग पाय मागे कसा घ्यायचा, हे त्यांनी दाखवलं. रोवणारी बाई मागे मागे सरकत जाते, रोवलेलं तुडवलं जाऊ नये म्हणून. एक, दोन, तीन, मागे. एक, दोन, तीन, मागे. पाच मिनिटांत वर्गात असा ठेका बसला की शेजारच्या खोलीतून सर गुडघे धरत बघायला आले.

आणि ती पोरगी मधोमध उभी. ताठ. तोंड खिडकीकडे.

मी चिडले. माझा स्वभावच तसा आहे, चांगलं चाललेलं कोणी अडवलं की डोकं फिरतं. म्हटलं, "नाचायचं नसेल तर बाजूला हो, मध्ये अडचण नको." ती हलली नाही. पुन्हा म्हटलं. तरी नाही. तेव्हा खिचडीवाल्या बाईंनी माझा हात धरून मला व्हरांड्यात नेलं.

"तिले हटवू नोका मॅडम. थे राखून राह्यली."

मग मला कळलं. त्या गावात आता बांधीत कोणी एकटं वाकत नाही. पाच जणी वाकल्या तर सहावी उभी राहते, जंगलाकडे तोंड करून, आणि मधून मधून आवाज देते. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, उभ्या माणसावर तो सहसा येत नाही, असं वनरक्षकाने गावात सांगितलं होतं. पण ही रीत बसली ती सांगण्यावरून नाही, त्या कापणीनंतर बसली. माझ्या वर्गात सहा पोरी वाकल्या होत्या आणि उभं कोणीच नव्हतं. म्हणून ती उभी राहिली. आईला राखायला कोणी नव्हतं म्हणून जी आता आम्हाला राखत होती तिलाच मी रागावले होते, हे लक्षात आलं आणि मी तोंड धुवायला हातपंपावर गेले.

त्यानंतर नाच तिच्याभोवती बसवला. सहा पोरी गोलात वाकून मागे मागे सरकतात आणि ती मध्ये उभी राहून हळूहळू फिरत चारी दिशा बघते, मोजते: एक, दोन, तीन, मागे. मोजायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. तिचा आवाज निघाला की बाकीच्यांचे हात आपोआप चालत. मला नाचातलं कळत नाही, पण ते बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. खिचडीवाल्या बाई तर पदर तोंडाला लावून आत निघून जायच्या.

डिसेंबरात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, स्पर्धेत आम्ही तो नाच केला. तिथं परीक्षक होते तीन. त्यातल्या एका साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, संकल्पना छान आहे. तालुक्याला पाठवतो आम्ही. पण ती मधली मुलगी काहीच करत नाही. नुसती उभी. एक तर तिला नाचवा, नाहीतर काढून टाका. गुण तिथंच गेले तुमचे." मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा चहा आला.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "राहू द्या ना मॅडम. नंबर आला काय अन् नाही आला काय. पोरगी खुश आहे, आपण खुश." खिचडीवाल्या बाई म्हणाल्या, "जे आहे तेच बरं आहे." दोघांचंही मी ऐकलं नाही. मी स्वतःला सांगितलं, हे मी तिच्यासाठी करते आहे. दहा वर्षांची पोर जन्मभर पायाच्या बोटांनी पेन्सिल उचलणार का? वसतिगृहात तिचं कसं होईल? हे खोटं नव्हतं. पण मला नंबरही हवा होता, हेही खरं. आमच्या शाळेचा आजवर कशात नंबर आला नव्हता, आणि साहेबांना दाखवून द्यायचं माझ्या डोक्यात बसलं होतं.

तीन आठवडे मी तिच्यामागे लागले. शाळा सुटल्यावर ती आणि मी, वर्गाचं दार आतून लावून. आधी मान खाली, मग खांदे. हात गुडघ्यापर्यंत आले की ती ताडकन सरळ व्हायची आणि घाम फुटायचा तिला, थंडीत. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मला सुचलं. मी खिडकीशी गेले, गजांना धरून जंगलाकडे तोंड करून उभी राहिले आणि तिच्याकडे पाठ करून म्हटलं, "मी राखते. तू वाक."

मग ती म्हणाली, "मॅडम, पाहून राह्यल्या ना?"

"हो. पाहते आहे."

"डोळे मिटू नोका."

"नाही मिटत."

मी खरंच डोळे मिटले नाहीत. उन्हाने पाणी यायला लागलं तरी नाही. आणि मागे फरशीवर बोटं टेकल्याचा आवाज आला. अगदी बारीक. मी वळले नाही. ती सरळ झाल्यावरच वळले, आणि तिला पोटाशी धरून लहान मुलासारखी रडले. ती मात्र रडली नाही. तिने फरशीला लागलेली बोटं फ्रॉकला पुसली आणि म्हणाली, "पुन्हा."

त्यानंतर दर वेळी वाकण्याआधी ती विचारायची, "मॅडम, पाहून राह्यल्या ना?" आणि मी दर वेळी हो म्हणायची. पुढे पुढे मी वही तपासता तपासताही हो म्हणायला लागले.

तालुक्याच्या मंचावर ती सहा जणींबरोबर वाकली. सातवी होऊन, बाकीच्यांपेक्षा सुबक. मध्ये कोणी उभं नव्हतं. साहेब टाळ्या वाजवत होते. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक प्रमाणपत्र आणि प्रत्येकीला एक प्लॅस्टिकचा डबा. आणि सांगते, तो नाच आता पहिल्यासारखा नव्हता. सुंदर होता, सगळ्या सारख्या हलत होत्या, पण अंगावर काटा येत नव्हता. मी ते कोणाला बोलले नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर तोच नाच गावासमोर केला. सगळं गाव मैदानात. आजी पहिल्या रांगेत, नातीने हट्ट करून आणलेली, आणि तिचा बापही त्या दिवशी गावात होता. पोरगी वाकली. अंगठा आणि दोन बोटं, दाब, मागे. आजी उठून उभी राहिली. मला वाटलं रडते आहे. ती रडत नव्हती, नीट बघत होती. हात कसा चालतो, पाय कसा पडतो. शेजारच्या बाईला काहीतरी म्हणाली आणि त्या बाईने मान हलवली. मला त्या क्षणी काय आनंद झाला होता, आज आठवलं तरी स्वतःचा राग येतो.

फेब्रुवारी लागला आणि ती शाळेत आली नाही. दोन दिवस, तीन दिवस. पावणेतीन वर्षांत ती लागोपाठ तीन दिवस कधी चुकली नव्हती. चौथ्या दिवशी मी घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण सांदवाडीत, घरामागच्या वाडीत, भांडी घासत होती. ती म्हणाली, "मिरची तोडाले गेले ना तेलंगनात. बाप, आजी, पोट्टी, सबन. परवाच गाडी भरली."

"पोरगी कशाला?"

"तिले तं आता वाकता येते," शेजारीण म्हणाली. मला ते माहीत नसेल असं समजून तिने सांगितलं.

मी तिथंच पायरीवर बसले. आईचं बोलणं तेव्हा मला पूर्ण आठवलं. येतच नाही तर कोण बोलावतं. माझ्या आईला हे शाळेचं तोंड न बघता कळत होतं. मी डी.एड. करून, तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, दुसऱ्याच्या लेकीला अंगठा आणि दोन बोटांनी रोवायला शिकवलं होतं, वरून ठेका धरून, आणि सगळ्या गावाला मैदानात बसवून दाखवलं होतं. त्या पोरीला शाळेत ठेवणारी एकच गोष्ट होती, ती मी तीन आठवडे खपून काढून टाकली.

ती एप्रिलच्या शेवटी परतली. काळी पडलेली, मिरचीने बोटांची सालं गेलेली. परीक्षा झाली होती. सरांनी तिला पास केलं, एवढं त्यांच्या हातात होतं. मी वसतिगृहाचा फॉर्म आणला, सगळा स्वतः भरला, फोटो चिकटवला आणि आजीसमोर ठेवला. एक अंगठा तेवढा हवा होता. आजीने फॉर्म उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला.

"आता कायले मॅडमबाई? आता तं थे कामाची झाली."

मी भांडले. नको ते बोलले. तिच्या सुनेचं नावही काढलं, ते काढायला नको होतं. आजी ऐकत राहिली. मग म्हणाली, "माहा आता जीव होत नाई. बाप एकटा कितीक करन?" तिच्या बोलण्यात कुठंही चूक नव्हती. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिला विचारलं, "तुला जायचं आहे ना?" तिने माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे, आणि सुपातले तांदूळ निवडायला घेतले. वाकून.

तो फॉर्म मी जूनमध्ये दोनदा घेऊन गेले. तिसऱ्यांदा आजी घरात असून बाहेर आली नाही.

जुलैत एका सकाळी शाळेत जाताना मी शेवटच्या बांधीजवळ गाडी थांबवली. आठ-दहा बाया ओळीत वाकून रोवत होत्या, डोक्यापासून पाठीपर्यंत प्लॅस्टिक पांघरलेलं, त्यामुळे कोण कुठली ते ओळखू येत नव्हतं. पण मोजण्याचा आवाज ओळखीचा होता. एक, दोन, तीन, मागे. सगळी ओळ त्या आवाजावर चालली होती, माझा वर्ग चालायचा तशी. धुऱ्यावर आजी उभी होती, हातात काठी. तिचीही पाठ आता वाकत नव्हती, म्हणून राखायला ती.

मला बघून आजी हसली. मागचं सगळं विसरून, मनापासून. "मॅडमबाई, तुमचे उपकार आहेत. गावात तिच्याइतका हात कोनाचाच चालत नाई आता."

मी धुऱ्यावर तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, हे मला तिच्या इतक्या जवळ उभं राहिल्यावर दिसलं. जंगलाकडे तोंड करून ती पापणी न हलवता बघत होती. त्या डोळ्यांना झाड तरी दिसत असेल की नाही, कोण जाणे.

ओळ मागे सरकत सरकत आमच्याजवळ आली. पोरीने माझे पाय पाहिले असावेत, चप्पल ओळखली असावी. तिने डोकं वर केलं नाही, हात थांबवला नाही. मोजता मोजता मध्येच म्हणाली,

"मॅडम, पाहून राह्यल्या ना?"

"हो," मी म्हटलं.

आणि थोडा वेळ खरंच पाहत राहिले. मग शाळेची वेळ झाली, म्हणून निघून आले.